सिनेमातून मुंबई: चित्रगृहं, स्टुडिओ आणि चित्रीकरणाच्या जागा पायी कशा पाहाव्यात?

चित्रपथिक

मुंबईत सिनेमाच्या जागा बघायच्या म्हटलं की बहुतेक जण वांद्रे-जुहूला नटांच्या बंगल्यांसमोर जाऊन उभे राहतात. तिथे दिसतं काय, तर एक फाटक आणि एक भिंत. सिनेमाची खरी मुंबई कुलाब्यापासून मुंबई सेंट्रलपर्यंतच्या पट्ट्यात आहे आणि ती चालत बघता येते. एका दिवसात सगळं उरकायला जाऊ नका, दोन सकाळी ठेवा. माझा मार्ग देतो. चुका असतील तर सांगा, राहिलेलं जोडा.

पहिली सकाळ, रीगल चित्रगृह ते एडवर्ड चित्रगृह, साधारण ४ किलोमीटर. शक्यतो रविवारी, ८ वाजता सुरुवात. रविवारी फोर्ट आणि काळबादेवी बंद असतात, त्यामुळे हातगाड्या आणि टेम्पो यांच्याआड इमारती लपत नाहीत.

रीगल १९३३ साली सुरू झालं. वास्तुरचनाकार चार्ल्स स्टीव्हन्स. त्याचे वडील एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांनी व्हीटी स्टेशन (आजचं सीएसएमटी) बांधलं. बापाची जुनी गॉथिक शैली (टोकदार कमानी, मनोरे) आणि मुलाची नवी आर्ट डेको (साध्या रेषा, गोलाई) एकाच सकाळी बघून होते. रीगलच्या चौकातच समोर दगडी इमारत आहे, आजचं राज्य पोलीस मुख्यालय. नवं विधान भवन १९८१ मध्ये झालं, त्याआधी विधानमंडळ इथे भरायचं. १९७९चा राजकीय चित्रपट ‘सिंहासन’ पाहताना ‘विधानसभा’ म्हणजे आजचं नरिमन पॉइंटचं विधान भवन डोळ्यांसमोर आणाल तर नकाशा चुकेल.

तिथून महात्मा गांधी रस्त्याने काळा घोडा. आर्मी अँड नेव्ही बिल्डिंगच्या शेजारची पडकी एस्प्लनेड मॅन्शन म्हणजे जुनं वॉटसन्स हॉटेल. ७ जुलै १८९६ रोजी ल्यूमिए बंधूंच्या सहा छोट्या फिती इथे दाखवल्या गेल्या. तिकीट एक रुपया. भारतातला पहिला सिनेमाचा खेळ तो हाच. इमारतीचा सांगाडा ओतीव लोखंडाचा, इंग्लंडमध्ये ओतून जहाजाने आणलेला. आत जायचा प्रयत्न करू नका, इमारत धोकादायक आहे. समोरच्या फुटपाथवरून खांब आणि सज्ज्यांची रांग चांगली दिसते.

मग ओव्हल मैदान ओलांडून चर्चगेटसमोर इरॉस चित्रगृह (१९३८). सकाळी ऊन ओव्हलच्या पश्चिमेच्या आर्ट डेको रांगेवर पडतं. राजाबाई टॉवर त्या वेळी स्वतःच्या सावलीत असतो, त्याचं तोंड दुपारनंतर उजळतं. इरॉस अनेक वर्षं बंद होतं, २०२४ मध्ये आयमॅक्स पडदा आणि सुमारे ३०० खुर्च्यांसह पुन्हा उघडलं. बाहेरचा लाल आग्रा दगड आणि वरचा गोल मनोरा तसाच आहे.

पुढे मरीन लाइन्सकडे, बॉम्बे हॉस्पिटलजवळ लिबर्टी (१९४९), तिथून ५ मिनिटांवर धोबीतलावचं मेट्रो चित्रगृह (१९३८), आणि रस्ता ओलांडून काळबादेवीच्या तोंडाशी एडवर्ड. मेट्रो हॉलिवूडच्या एमजीएम कंपनीने स्वतःचे चित्रपट लावायला बांधलं. २००६ मध्ये आतून कापून त्याचं मल्टिप्लेक्स केलं.

दुसरी सकाळ, चर्नी रोड ते मुंबई सेंट्रल. चर्नी रोडला साडेआठला उतरा आणि ११ला मराठा मंदिरला पोचा. मधल्या टप्प्यावर गिरगावकरांनी लिहावं, ते जास्त अचूक लिहितील.

मराठा मंदिर १९५८चं. ‘मुघल-ए-आझम’ ५ ऑगस्ट १९६० रोजी इथे लागला. ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’ २० ऑक्टोबर १९९५ला प्रदर्शित झाला आणि करोनातली बंदी सोडली तर मॅटिनीला तो इथे चालूच आहे. वेळ ठरलेली ११:३०, चित्रपट १८९ मिनिटांचा, म्हणजे बाहेर पडायला तीन वाजतात. जेवणाचा विचार आधीच करून ठेवा. मोठा नवा चित्रपट आला की वेळ सरकू शकते, म्हणून आदल्या दिवशी खात्री करा.

गिरगाव_नाका

धाग्याबद्दल आभार. मधला टप्पा लिहितो.

चर्नी रोडला पूर्वेला उतरून गिरगाव रस्त्याला लागा. मॅजेस्टिक शॉपिंग सेंटर दिसेल. इथे मॅजेस्टिक सिनेमा होता. १४ मार्च १९३१ रोजी पहिला भारतीय बोलपट ‘आलम आरा’ इथेच लागला. सिनेमा गेला, पण त्या थिएटरपाशी १९४२ साली केशवराव कोठावळे यांनी सुरू केलेल्या बुक स्टॉलमुळे हे नाव मराठी पुस्तकांवर अजून छापलं जातं. मॅजेस्टिक प्रकाशनाचं ‘मॅजेस्टिक’ ते हेच.

तिथून ऑपेरा हाऊस. राजघराण्यांशी जोडलेली वास्तू. १९११ साली पंचम जॉर्जच्या हस्ते उद्घाटन, १९३५ पासून सिनेमा, १९९३ मध्ये बंद, २०१६ मध्ये डागडुजी होऊन पुन्हा खुलं. आता साधारण ५७५ खुर्च्या. मात्र ‘आत डोकावून येऊ’ असं इथे जमत नाही. कार्यक्रमाचं तिकीट असेल तरच प्रवेश. संध्याकाळचा एखादा स्वस्त कार्यक्रम बघून तिकीट काढा, छत आणि बॉक्स बघण्यासाठी तेवढा खर्च जरूर करावा.

त्यानंतर केनेडी पूल. याच्याजवळ ‘आलम आरा’ काढणाऱ्या अर्देशीर इराणींच्या इंपीरियल कंपनीचा स्टुडिओ होता, पुढे तो ज्योती स्टुडिओ झाला. ‘आलम आरा’चं बरंचसं चित्रीकरण रात्री झालं, कारण शेजारूनच रेल्वे जाते आणि गाड्यांचा आवाज ध्वनिमुद्रणात यायचा. त्या काळी आवाज नंतर भरायची सोय नव्हती, माइक लपवून जागेवरच टिपायचा. पुलावर पाच मिनिटं थांबा. खालून लोकल गेली की बोलणं तोडावं लागतं. तेवढ्यावरून ध्वनिमुद्रकाची अडचण कळते.

एक भर. मूळ धाग्यात ‘राजा हरिश्चंद्र’ राहिला आहे. जाहीर खेळ ३ मे १९१३ला सँडहर्स्ट रोडवरच्या कॉरोनेशनमध्ये. पण त्याआधी २१ एप्रिलला ग्रँट रोडच्या ऑलिंपियामध्ये निमंत्रितांसाठी खेळ झाला होता. दोन्ही तारखा ‘पहिला खेळ’ म्हणून छापल्या जातात, त्यावरून वाद घालू नये. दोन्ही थिएटरं आज नाहीत.

पुलावरून लॅमिंग्टन रोड, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. इथली नाझ इमारत वितरकांचं मोठं ठाणं. कोणतं चित्र कुठल्या प्रांतात किती रकमेला जाणार ते इथल्या खोल्यांत ठरायचं. जिन्यावरच्या नामफलकांमधून तो काळ वाचता येतो. पुढे मिनर्व्हा थिएटर होतं. ७० मिमीचा ‘शोले’ इथे १९७५ पासून पाच वर्षं चालला, शेवटची दोन मॅटिनीला. आता इमारत नाही.

पार्ले_टिळक_मार्ग

उत्तम धागा. सत्तरीच्या आईवडिलांना घेऊन एकच दिवस असेल तर? जिने आणि जास्त चालणं टाळायचं आहे.

चित्रपथिक

@पार्ले_टिळक_मार्ग, मग पायी मार्ग सोडा. सकाळी पेडर रोडचं भारतीय सिनेमाचं राष्ट्रीय संग्रहालय (खाली कोणी लिहील), दुपारी रीगल किंवा इरॉसला खेळ, संध्याकाळी मरीन ड्राइव्ह. टॅक्सीने तिन्ही जवळ पडतात. खेळ निवडताना जुन्या थिएटरात बाल्कनीपेक्षा स्टॉलचं (खालच्या मजल्याचं) तिकीट घ्या. बाल्कनीचे जिने उंच असतात, आणि अंधारात उतरताना पायरीचा अंदाज चुकतो. भुयारी मेट्रो ३ आता कफ परेडपासून आरेपर्यंत सलग आहे. चर्चगेट, हुतात्मा चौक, काळबादेवी, गिरगाव, ग्रँट रोड, मुंबई सेंट्रल अशी हीच सगळी ठिकाणं तिच्यावर येतात आणि स्थानकांत लिफ्ट आहेत.

रीळवाला

चित्रीकरणाची जागा चित्रपटात दिसते ती नेमकी कुठली, हे शोधायची पद्धत लिहितो. आंतरजालावरच्या याद्यांत निम्म्या जागा चुकीच्या असतात, कारण एकाने लिहिलेलं दहा जण उचलतात.

१. चौकट थांबवा आणि नटाकडे दुर्लक्ष करा. त्याच्या मागचं बघा. कमानी किती, सज्ज्याची जाळी कसली, खिडकीवर छज्जा आहे का, कोपरा गोल की काटकोनी. दुकानाची पाटी बदलते, कमानींची संख्या बदलत नाही.

२. पाट्या वाचा. ‘मुंबई ४’ असा पत्ता असेल तर पाटी बहुधा जुनी, कारण सहा आकडी पिनकोड १९७२ साली आला. दूरध्वनी क्रमांक आठ आकडी दिसला तर २००० नंतरचं. बेस्टच्या बसवरचा मार्ग क्रमांक मिळाला तर सोनं, कारण रस्ता कोणता हे लगेच दोन-तीन पर्यायांवर येतं.

३. गाड्या. ‘एमएच’ क्रमांक १९८९ नंतरच. एसी लोकल दिसली तर डिसेंबर २०१७ नंतरचं. वांद्रे-वरळी सागरी सेतू दिसला तर जून २००९ नंतरचं (बांधकाम चालू असलेला अर्धा सेतू काही चित्रपटांत आहे, त्याने साल आणखी नेमकं मिळतं).

४. क्षितिज. मरीन ड्राइव्हच्या दृश्यात नरिमन पॉइंटच्या टोकाला एअर इंडियाची इमारत नसेल तर चित्रण १९७४ पूर्वीचं. हाजी अलीभोवती फक्त पाणी दिसत असेल तर किनारी रस्त्याच्या भरावाआधीचं. आज त्याच जागी उभं राहून तोच कोन मिळणार नाही, त्यामुळे ‘जागा चुकली’ असं वाटू शकतं.

५. सावली. सीएसएमटीचं दर्शनी तोंड पश्चिमेला, गेटवेची समुद्राकडची बाजू पूर्वेला. सीएसएमटीच्या दर्शनी भागावर थेट ऊन असेल तर दृश्य दुपारनंतरचं. तुम्हाला तसाच फोटो हवा असेल तर साडेतीन ते पाच या वेळेत महापालिकेच्या बाजूने घ्या. सकाळी घेतलात तर इमारत काळवंडलेली आणि मागे पांढरं आभाळ येतं. मरीन ड्राइव्हवर नरिमन पॉइंटच्या टोकाहून डिसेंबरात सूर्य उघड्या समुद्रात बुडतो, मे-जूनमध्ये तो मलबार हिलच्या टोकाकडे सरकतो. त्यावरून महिनासुद्धा सांगता येतो.

६. शेवटी जागेवर जाऊन ताडा. फोनमध्ये थांबवलेली चौकट ठेवा आणि दोन वस्तू एकमेकींमागे कशा येतात ते जुळवा. उदाहरणार्थ, खांबाची कड मनोऱ्याच्या कितव्या खिडकीवर येते. हे जुळलं तर कॅमेरा याच रेषेत होता. अंतर जुळत नसेल तर काळजी नको, लांब लेन्सने मागची इमारत पुढे ओढल्यासारखी दिसते. जुळवायची ती रेषा, आकार नव्हे.

सगळ्यात मोठी फसगत कटमध्ये असते. नायक एका इमारतीत शिरतो आणि आतला जिना दुसऱ्याच इमारतीतला किंवा स्टुडिओतला असतो. चाळीचा चौक दिसला आणि त्यात आभाळ एकदाही दिसलं नाही, सगळ्या मजल्यांवर प्रकाश सारखाच पडला, तर तो सेट समजा. खऱ्या चाळीत तळमजला अंधारा आणि वरचा मजला उजळ असतो.

फलाट_क्रमांक_४

@रीळवाला, फार कामाचा प्रतिसाद. एक दुरुस्ती सुचवतो. नव्या वस्तूवरून ‘यानंतरचं’ हे ठामपणे सांगता येतं. जुन्या वस्तूवरून ‘यापूर्वीचं’ हे तेवढं ठाम नसतं. जुना पत्ता असलेली पाटी पुढे वीस वर्षं टांगलेली राहते. ट्रामचंही तसंच. मुंबईतली शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ला धावली, पण रूळ रस्त्यातच राहिले आणि वरून डांबर पडलं. कित्येक वर्षांनी रस्ता खोदताना ते सापडले आहेत. म्हणून नुसते रूळ दिसले म्हणून साल ठरवू नका, वरची विजेची तार आणि प्रत्यक्ष ट्राम बघा. दुमजली डिझेल बस आणि पद्मिनी टॅक्सी या दोन्ही २०२३ मध्ये रस्त्यावरून गेल्या, तरी जुना काळ दाखवणाऱ्या चित्रपटांसाठी भाड्याने आणलेल्या टॅक्सी पुढेही दिसतीलच.

लोकलबद्दल. ‘बातों बातों में’ (१९७९) ची ९:१०ची वांद्रे-चर्चगेट लोकल, किंवा ‘डोंबिवली फास्ट’ (२००५) चा मध्य रेल्वेचा प्रवास. हे अनुभवायचं तर कामाच्या दिवशी सकाळी जाऊ नका. गर्दीत दाराशी उभं राहून काहीच बघता येत नाही आणि धोका मोठा. सकाळी ११ ते दुपारी ४ या वेळेत उलट्या दिशेने बसा. रविवारी निघण्याआधी ब्लॉक बघा. मध्य आणि हार्बरवर मेगाब्लॉक बहुतेक रविवारी असतो, जलद गाड्या धिम्या मार्गावर वळवतात आणि मधली स्थानकं गळतात. चर्नी रोड, ग्रँट रोडला फक्त धीम्या गाड्या थांबतात हेही बाहेरगावच्यांनी लक्षात ठेवावं. जलद गाडी थेट मुंबई सेंट्रलला नेते.

फलाटावर मोबाइलवर एखादा फोटो काढला तर सहसा कोणी अडवत नाही. ट्रायपॉड उघडला, मोठा कॅमेरा किंवा माइक लावला की ते चित्रीकरण ठरतं आणि त्याला रेल्वेची परवानगी लागते. ‘स्लमडॉग मिलियनेअर’च्या शेवटच्या नाचासारखं काही सीएसएमटीच्या फलाटावर करून बघायला जाऊ नका, सुरक्षा दल लगेच येतं.

सई_माहीम

मढचा किल्ला आणि कुलाब्याची मुकेश मिल, दोन्ही बघायची इच्छा आहे. शक्य आहे का?

रीळवाला

दोन्हींच्या आत नाही. मढचा किल्ला हवाई दलाच्या ताब्यात आहे, बाहेरून तटबंदी दिसते तेवढीच. मुकेश मिल खाजगी मालमत्ता आहे, चित्रीकरणासाठी भाड्याने देतात. १९८२ पासून बंद पडलेली, जळकी, छप्पर नसलेली, म्हणून तर दिग्दर्शकांना आवडते. पहारेकऱ्याशी हुज्जत घालून उपयोग नाही.

भग्न तटबंदीच हवी असेल तर वसईला जा. किल्ला सगळ्यांसाठी उघडा आहे, भरपूर मोठा आहे आणि पडक्या चर्चच्या भिंती बऱ्याच चित्रपटांत आहेत. कोल्डप्लेच्या २०१६च्या गाण्याचा काही भागही तिथलाच. वसई रोडहून बस किंवा रिक्षा. पाणी बरोबर न्या, सावली कमी आहे. पावसाळ्यात दगड शेवाळलेले असतात, तटावर चढू नका. जवळचं हवं तर वांद्र्याचा किल्ला. ‘जाने तू... या जाने ना’ मधला. संध्याकाळी गर्दी असते, सकाळी ७ला मोकळा मिळतो.

दादर_पूर्व

दक्षिण मुंबईवरच थांबलात, दादर-परळ राहिलं. मराठी माणसाने ही बाजू सोडूच नये.

दादर पूर्वेचा दादासाहेब फाळके रोड. रस्त्याला नाव उगाच नाही दिलेलं. हा पूर्वीचा दादर मेन रोड, आणि फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ याच रस्त्यावरच्या बंगल्यात चित्रित केला. बंगला नाही. पण पुढे १९२९ साली चंदुलाल शहा यांनी याच रस्त्यावर रणजित कंपनी काढली आणि तीसच्या दशकात देशातला सगळ्यात मोठा चित्रकारखाना इथे चालला. दादर स्टेशनपासून चालत १० मिनिटं. बघायला भव्य असं काही मिळणार नाही हे आधीच सांगतो. मिळतात ती जुनी फाटकं आणि आतली उंच छपरं. छप्पर उंच आणि खिडक्या अगदी वर का, तर मूकपटाच्या काळात उजेड छपरातून घेत आणि बोलपट आल्यावर आवाजासाठी भिंती बंद करत. ते डोक्यात ठेवून बघितलं तर गोदामासारखी दिसणारी इमारत वेगळी दिसू लागते.

पश्चिमेला प्लाझा, व्ही. शांताराम यांच्या नावाशी जोडलेलं. १२ मार्च १९९३च्या बाँबस्फोटांत हेही एक ठिकाण होतं. त्यानंतर पुन्हा उभं राहिलं आणि मराठी चित्रपटांचं मुख्य थिएटर म्हणून टिकलं. जवळच नक्षत्र मॉल, तिथे कोहिनूर थिएटर होतं. १९७१ मध्ये ‘सोंगाड्या’ उतरवून देव आनंदचं चित्र लावायचं ठरलं तेव्हा दादा कोंडके बाळासाहेब ठाकऱ्यांकडे गेले आणि शिवसैनिकांच्या आंदोलनानंतर ‘सोंगाड्या’ला थिएटर मिळालं. मराठी चित्रपटाला पडदा मिळण्याचा वाद किती जुना आहे हे त्या चौकात उभं राहिलं की कळतं.

मग लालबागचं भारतमाता. मराठी चित्रपटांसाठी गिरणगावाने जपलेलं थिएटर. चिंचपोकळी किंवा करी रोडला उतरून चालत. गिरणीच्या जमिनीवर असल्याने त्याच्यावर कायम टांगती तलवार राहिली आहे, त्यामुळे ‘नंतर कधीतरी’ असं म्हणू नका. मराठी चित्रपट चालू असेल तेव्हा जा. १९८२च्या गिरणी संपावरचा ‘लालबाग परळ’ चित्रपट आधी बघून गेलात तर बाहेरचे टॉवर कशाच्या जागी उभे आहेत ते लक्षात येईल. परळलाच शांतारामांचा राजकमल कलामंदिर स्टुडिओ (१९४२), पण तिथे पर्यटकांसाठी सोय नाही.

ओव्हल

अवांतर, पण विषयाशी जोडलेलं. थिएटरं गेली तरी त्यांची नावं पत्त्यांत राहिली. हिंदमाताला पाणी तुंबल्याची बातमी दर पावसाळ्यात येते, पण हिंदमाता हे थिएटर होतं हे नव्या पिढीला सांगावं लागतं. मिनर्व्हा, ड्रीमलँड, मॅजेस्टिक, ऑपेरा हाऊस, दादरचं चित्रा (२०१९ मध्ये बंद). टॅक्सीवाल्याला आजही ‘मिनर्व्हा’ सांगा, बरोबर सोडतो. जुन्या बसथांब्यांच्या आणि चौकांच्या नावांची यादी केली तर थिएटरांचा जवळजवळ पूर्ण नकाशा हातात येतो.

गिरगाव_नाका

@ओव्हल +१. यातलं सगळ्यात सुंदर नाव राहिलं. पिला हाऊस. ग्रँट रोडच्या पूर्वेला नाटकगृहांची रांग होती, ‘प्ले हाऊस’चं लोकांच्या तोंडी पिला हाऊस झालं. पारशी नाटकं, मग तमाशा, मग सिनेमा. आल्फ्रेड, गुलशन, न्यू रोशन, निशात, सगळी इथली. फॉकलंड रोडला पठ्ठे बापूरावांचं नाव आहे ते या तमाशाच्या वस्तीमुळेच. ‘सलाम बॉम्बे’ (१९८८) याच रस्त्यांवर आणि ग्रँट रोड स्टेशनाभोवती चित्रित झाला.

इथे जाताना एक गोष्ट पाळाच. कॅमेरा आणि फोन खिशात. ही वेश्यावस्ती आहे, तिथल्या बायका काही ‘लोकेशन’ नाहीत. थिएटरांचे दर्शनी भाग बघायचे तर सकाळी ९-१० वाजता मुख्य रस्त्याने सरळ चालत जा, गल्ल्यांत शिरू नका. चाळींनाही हेच लागू. चौकात उभं राहून वर फोन रोखू नका. आधी खालच्या मंडळाच्या खोलीत विचारा, बहुतेक वेळा कोणीतरी स्वतः दाखवायला येतं.

तिसरी_घंटा

थिएटर बाहेरून बघून लोक परत फिरतात, म्हणून आत काय बघायचं ते लिहिते. तिकीट काढा, २० मिनिटं आधी जा.

लॉबीत आधी जमिनीकडे बघा. टेराझोची (दगडी चुरा घालून घोटलेल्या फरशीची) नक्षी सहसा मूळची असते, कारण ती उखडणं महाग. भिंती आणि दिवे बदललेले असतात. मग जिना. जुन्या थिएटरांत स्टॉल आणि बाल्कनीचे रस्ते पूर्ण वेगळे असत, स्वस्त आणि महाग तिकिटांची माणसं एकमेकांना भेटणारच नाहीत अशी आखणी. आत गेल्यावर पडद्याकडे पाठ करून मागे बघा. बाल्कनीच्या वर प्रोजेक्शनची केबिन, तिला चौकोनी भोकं दिसतील. एकापेक्षा जास्त का, तर दोन यंत्रं आलटून पालटून चालायची. एक रीळ संपताना पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात ठिपका चमकायचा, तो पाहून ऑपरेटर दुसरं यंत्र सुरू करायचा. आता डिजिटल यंत्र एका भोकातून चालतं, बाकीची बुजवलेली असतात.

बसायचं कुठे? खोल बाल्कनीखालच्या मागच्या रांगा टाळा. वरच्या छतामुळे आवाज दबतो आणि पडद्याची वरची कड कापली जाते. स्टॉलमध्ये बाल्कनीची कड जिथे संपते त्याच्या दोन-तीन रांगा पुढे, मध्यभागी. जुन्या थिएटरात रुंद पडदा नंतर बसवलेला असतो, म्हणून अगदी कडेच्या खुर्च्यांवरून चित्र तिरकं दिसतं.

लिबर्टीबद्दल थोडं जास्त. नाव स्वातंत्र्यावरून. दक्षिण मुंबईची आलिशान थिएटरं तेव्हा इंग्रजी चित्रपटांची होती, हे हिंदी चित्रपटासाठी त्याच तोडीचं बांधलं. १९४९ मध्ये ‘अंदाज’ने उघडलं. ‘हम आपके हैं कौन’ इथे शंभरहून जास्त आठवडे चालला. आतली सजावट वा. मो. नामजोशी यांची. जयपूरचं राजमंदिर पाहिलं असेल तर तेही त्यांचंच काम. पडद्याभोवती थराथराने मागे जाणाऱ्या महिरपी आणि त्यांच्या कडांत लपवलेले दिवे हे त्यांचं खास. दिवा दिसत नाही, फक्त उजेड दिसतो. मराठी वास्तुसजावटकाराचं इतकं मोठं काम आपल्याकडे फार कमी लोकांना माहीत आहे, याचं वाईट वाटतं. लिबर्टीत आता रोजचे खेळ होत नाहीत, महोत्सव किंवा खास खेळ असेल तेव्हाच आत जाता येतं. तशी संधी आली तर सोडू नका.

आणि गर्दीबरोबर सिनेमा अनुभवायचा तर वांद्र्याचं गेटी-गॅलेक्सी. १९७२चं, आता एकाच आवारात सात पडदे, सगळ्यांची नावं इंग्रजी ‘जी’ने सुरू होतात. शुक्रवारचा पहिला खेळ, स्टॉल. शिट्ट्या आणि टाळ्यांत संवाद बुडतात, त्यामुळे चित्रपट नीट ऐकायचा असेल तर सोमवारी दुपारी.

सई_माहीम

संग्रहालय आणि फिल्मसिटीबद्दल कोणी सांगेल का?

दादर_पूर्व

संग्रहालय पेडर रोडला, पूर्वीच्या फिल्म्स डिव्हिजनच्या आवारात. २०१९ मध्ये सुरू झालं. एक भाग गुलशन महाल या जुन्या बंगल्यात आणि दुसरा नव्या इमारतीत. सोमवारी बंद. किमान तीन तास हवेत. क्रम असा ठेवा: आधी गुलशन महाल, त्यात मूकपट ते आजपर्यंतचा इतिहास ओळीने आहे, मग नवी इमारत, तिथे तंत्र. उलटं केलं तर यंत्रं बघून कंटाळा येतो, कारण ती कशासाठी होती ते अजून कळलेलं नसतं. मुलं बरोबर असतील तर नवी इमारत आधी चालेल.

फिल्मसिटी म्हणजे गोरेगावची दादासाहेब फाळके चित्रनगरी, १९७७ची, ५२० एकर. फाटकातून सरळ आत सोडत नाहीत, अधिकृत बससफरीचं तिकीट लागतं. तिथे मंदिर, हेलिपॅड असे कायमचे भाग दिसतात. चालू चित्रीकरण दिसेलच असं नाही, आणि दिसलं तरी बसमधून. एवढ्यासाठी दक्षिण मुंबईतली सकाळ घालवू नये असं माझं स्पष्ट मत. उपनगरात राहणाऱ्यांनी जरूर जावं. चेंबूरचा आर. के. स्टुडिओ शोधत जाऊ नका, २०१७च्या आगीनंतर जमीन विकली गेली. मालाडचा बॉम्बे टॉकीज हा स्टुडिओ (१९३४) आता कारखान्यांच्या गाळ्यांत हरवला आहे, अवशेष ओळखणंही कठीण.

पार्ले_टिळक_मार्ग

सगळ्यांचे आभार. एकच चित्रपट धरून एक दुपार काढायची असेल तर कोणता घ्यावा?

चित्रपथिक

‘छोटी सी बात’ (१९७६). त्यातलं चर्चगेटचं गेलॉर्ड रेस्टॉरंट १९५६ पासून जागेवर आहे, तिथे चहा घेता येतो. जहांगीर कलादालनातलं समोवार उपाहारगृह २०१५ मध्ये बंद झालं, पण कलादालनात आत जाऊन तो अरुंद व्हरांडा जिथे होता ती बाजू बघता येते. दोन्हींमध्ये चालत १५ मिनिटं, वाटेत ओव्हल. चित्रपट आदल्या रात्री बघा, सात-आठ चौकटी फोनमध्ये घ्या, आणि साडेतीनला जहांगीरपासून निघा. राजाबाई टॉवरवर तेव्हा ऊन आलेलं असेल. गेलॉर्डला रविवारी संध्याकाळी थांबावं लागतं, साध्या वारी पाचच्या आत पोचलात तर जागा मिळते.